प्रकाशाची चिप: कोरणं जमलं, जोडणं अजून अवघड

डेटा सेंटरमधल्या रॅकच्या मागे पातळ पिवळ्या तारांचे झुबके दिसतात. त्या तारा म्हणजे काचेचे तंतू, ऑप्टिकल फायबर. तंतूच्या टोकाला बोटाएवढी धातूची डबी असते, तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. विजेच्या रूपातला डेटा प्रकाशात बदलायचा आणि पलीकडून आलेला प्रकाश पुन्हा विजेत आणायचा, हे तिचं काम. पूर्वी या डबीत लेझर, भिंगं, मोड्युलेटर (प्रकाशावर डेटा चढवणारा), डिटेक्टर (आलेला प्रकाश ओळखणारा) असे सुटे भाग एकेक करून बसवावे लागत. आता त्यातले बरेचसे भाग एकाच चिपवर कोरले जातात. यालाच इंटिग्रेटेड फोटॉनिक्स म्हणतात, आणि चिप सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन फोटॉनिक्स.

या चिपवर तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशाच्या वाटा असतात. त्यांना वेव्हगाइड म्हणतात. वेव्हगाइड म्हणजे सिलिकॉनची एक पट्टी, साधारण ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच, चहूबाजूंनी सिलिका काचेत बुडालेली. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ आहे, काचेचा १.४४. हा फरक इतका मोठा आहे की १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश पट्टीतच कोंडून राहतो आणि पाच-दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर) त्रिज्येच्या वळणावरूनही फारसा सांडत नाही. म्हणूनच नखाएवढ्या चिपवर शेकडो घटक मावतात.

हे सगळं मायक्रोप्रोसेसर बनवणाऱ्या कारखान्यातल्या यंत्रांवरच होतं, तेव्हा ते तितकंच स्वस्त आणि मुबलक होईल, असा हिशेब सुरुवातीपासून मांडला गेला. तो अर्धाच खरा ठरला. चिप कोरायची यंत्रं तीच असली, तरी प्रकाशाला कारागिरीतली चूक विजेपेक्षा कितीतरी पट जास्त जाचते. शिवाय चिपमध्ये प्रकाश आणायचा कुठून, बाहेर न्यायचा कसा आणि चिप चांगली निघाली हे तपासायचं कसं, या प्रश्नांची उत्तरं चिपच्या कारखान्यात मिळतच नाहीत. खर्च, उशीर आणि टंचाई बहुतेक करून तिथेच साठते.

एका नॅनोमीटरने काय बिघडतं

डिजिटल सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर थोडा जाड-बारीक झाला तरी ‘एक’ हा ‘एक’च राहतो, कारण पुढचं प्रत्येक गेट सिग्नल पुन्हा नीट करून देतं. प्रकाशाच्या चिपवर असं दुरुस्त करणारं कुणी नसतं. लाट पुढे जाते तशी वाटेतली प्रत्येक बारीक चूक तिच्या फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या चढउतारांच्या वेळेत, साठत जाते.

रिंग रेझोनेटरचं उदाहरण घेऊ. वेव्हगाइडची छोटी गोल कडी, आणि तिच्या शेजारून जाणारी सरळ पट्टी. मधली फट साधारण २०० नॅनोमीटरची. कडीच्या परिघात ज्या तरंगलांबीच्या लाटा पूर्ण संख्येत बसतात, तेवढीच तरंगलांबी कडीत उतरते, बाकीचा प्रकाश सरळ निघून जातो. अनेक रंगांतून एक रंग वेगळा काढायला किंवा त्यावर डेटा चढवायला ही कडी फार सोयीची आहे. पण १५५० नॅनोमीटरच्या आसपास काम करणाऱ्या अशा कडीची जाडी १ नॅनोमीटरने बदलली, तर तिची तरंगलांबी सुमारे दीड नॅनोमीटर सरकते. रुंदी १ नॅनोमीटरने बदलली तर पाऊण ते एक नॅनोमीटर. आणि १०० गिगाहर्ट्झ अंतरावर ठेवलेल्या दोन शेजारी चॅनेलमधलं, म्हणजे डेटा वाहणाऱ्या दोन रंगांमधलं, अंतर असतं सुमारे ०.८ नॅनोमीटर. म्हणजे जाडीत १ नॅनोमीटर फरक पडला की कडी आपला चॅनेल सोडून शेजारच्याच्याही पलीकडे जाते. सिलिकॉनच्या स्फटिकाची एक कोशिका ०.५४ नॅनोमीटरची असते, तेव्हा आपण इथे दोन कोशिकांच्या जाडीबद्दल बोलतोय. वेफरवर, म्हणजे ज्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर चिप कोरतात तिच्यावर, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत इतकी समान जाडी कुणालाच राखता येत नाही.

मग उपाय काय? कडीवर छोटा हीटर बसवायचा. सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि कडीची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकते. दीड नॅनोमीटरची चूक भरून काढायला कडी सुमारे २० अंशांनी तापवावी लागते. एका कडीला लागणारी वीज काही मिलिवॅटच असते, पण चिपवर अशा शेकडो कड्या असल्या की वीज वाचवायला आणलेल्या तंत्रातली बरीच वीज नुसती चुका निस्तरण्यात जाते. वर प्रत्येक हीटरला तार, नियंत्रण आणि त्या कडीत किती प्रकाश आहे हे सांगणारा छोटा डिटेक्टर लागतो. हीटरखालचं सिलिकॉन खोदून पोकळी केली तर वीज कित्येक पटींनी वाचते, पण मग ती पातळ पडद्यासारखी रचना पुढच्या प्रक्रियेत तुटण्याची भीती. शेजारच्या कडीचा हीटर लावला की आपलीही कडी थोडी सरकते, तो त्रास वेगळाच.

जाडीचा प्रश्न खरं तर चिपच्या कारखान्याच्याही आधी सुरू होतो. हे वेफर साधे नसतात. खाली जाड सिलिकॉन, मध्ये काचेचा थर आणि वर २२० नॅनोमीटरचा सिलिकॉन, असे ते तीन थरांचे असतात. त्यांना एसओआय (सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटर) म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मधली काच काही दहा नॅनोमीटरची असली तरी भागतं. प्रकाशाला मात्र २ ते ३ मायक्रॉन लागतात, नाहीतर वरच्या पट्टीतला प्रकाश खालच्या सिलिकॉनमध्ये झिरपून जातो. त्यामुळे फोटॉनिक्सचा एसओआय वेफर वेगळा बनवावा लागतो, आणि तो चांगल्या दर्जाचा बनवणारे जगात मोजकेच आहेत. फ्रान्समधली सोइटेक सगळ्यांत मोठी. हायड्रोजनचे आयन एका वेफरमध्ये ठरावीक खोलीवर घुसवायचे, तो वेफर दुसऱ्यावर चिकटवायचा आणि तापवून नेमका त्या खोलीवर चिरायचा, ही तिची स्मार्ट कट पद्धत. जपानची शिन-एत्सू हीच पद्धत परवान्यावर वापरते.

जाडीनंतर खडबडीतपणा. पट्टीच्या बाजूच्या भिंती प्लाझ्मा वापरून कोरतात आणि त्यावर दोन-तीन नॅनोमीटरचे चढउतार राहतात. अपवर्तनांकातला जो फरक प्रकाशाला कोंडून ठेवतो, तोच या चढउतारांवर प्रकाश विखुरतो. खडबडीतपणा दुप्पट झाला तर विखुरलेला प्रकाश साधारण चौपट होतो. चांगल्या कारखान्यात सिलिकॉन पट्टीत दर सेंटिमीटरला १ ते २ डेसिबल प्रकाश वाया जातो (३ डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला). इमर्शन लिथोग्राफी, म्हणजे भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी ठेवून १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने छापणं, वापरली तर ते त्याहून खाली आणता येतं.

नुकसान याहून फार कमी हवं असेल तर सिलिकॉन नायट्राइड वापरतात. त्याची अडचण निराळी. हा थर सुमारे ८०० अंशांवर साचवतात आणि तो इतका ताणलेला असतो की ४०० नॅनोमीटरच्या आसपास जाडी गेली की तडे जाऊ लागतात. तडा वेफरच्या कडेपासून निघतो आणि वाटेतल्या सगळ्या चिप चिरत जातो. तो अडवायला आधी खाचा खणून ठेवाव्या लागतात. वायूंमधून आलेला हायड्रोजन नायट्रोजनला चिकटून राहतो आणि १५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो. तो हाकलायला वेफर सुमारे १२०० अंशांवर भाजावा लागतो. त्या तापमानाला तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारा, जर्मेनियमचे डिटेक्टर काहीच टिकत नाही. म्हणून नायट्राइड आधी आणि बाकी सगळं नंतर असा क्रम ठरून जातो, आणि एकाच चिपवर सगळं हवं असलं की हा क्रमच डिझायनरचे हात बांधतो.

सिलिकॉनला लेझर होता येत नाही

सिलिकॉनच्या अणुरचनेत इलेक्ट्रॉन खाली उतरताना ऊर्जा प्रकाश म्हणून सोडत नाही, बहुतेक करून उष्णता म्हणून सोडतो. त्यामुळे प्रकाश सिलिकॉनमधून नेता येतो, त्यावर डेटा चढवता येतो, जर्मेनियमचा थर वाढवून तो ओळखताही येतो, पण निर्माण करता येत नाही. त्यासाठी इंडियम फॉस्फाइड हा वेगळा अर्धवाहक लागतो. ते सरळ सिलिकॉनवर वाढवायला गेलं तर दोन्ही स्फटिकांतल्या अणूंच्या अंतरात सुमारे ८ टक्के तफावत आहे, म्हणून स्फटिकात दोषांच्या रेषाच रेषा तयार होतात आणि लेझर लवकर मरतो.

आज तीन वाटा चालतात. पहिली, तयार लेझर चिप उलटी करून सिलिकॉनच्या चिपवर खोदलेल्या खड्ड्यात सोल्डरने बसवायची. दुसरी, इंडियम फॉस्फाइडचे कोरे तुकडे सिलिकॉन वेफरवर चिकटवायचे आणि मग त्यांचे लेझर तिथेच, वेफरवरच कोरायचे. इंटेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने २००६ मध्ये हे करून दाखवलं, आणि २०१६ मध्ये इंटेलने त्यावर आधारलेले १०० गिगाबिटचे ट्रान्सीव्हर विकायला सुरुवात केली. पहिलं प्रात्यक्षिक ते मोठं उत्पादन यात दहा वर्षं गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिसरी वाट म्हणजे लेझर चिपवर ठेवायचाच नाही. वेगळ्या, बदलता येणाऱ्या डबीत ठेवायचा आणि त्याचा प्रकाश तंतूने चिपपर्यंत आणायचा.

तिसरी वाट वरवर मागे गेल्यासारखी वाटते, पण माझ्या मते डेटा सेंटरमधला डेटा वाटून देणाऱ्या मोठ्या स्विचसाठी सध्या तीच शहाणपणाची आहे. लेझरला उष्णता सोसत नाही. तापमान वाढलं की त्याच प्रकाशासाठी जास्त करंट लागतो, जास्त करंटने तो आणखी तापतो आणि आयुष्य घटतं. शेकडो वॅट उधळणाऱ्या स्विच चिपला खेटून लेझर बसवला तर यंत्रणेतला सगळ्यांत नाजूक भाग सगळ्यांत गरम जागी येतो, आणि तो गेला की सगळी महागडी चिप टाकावी लागते. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या, ऑप्टिक्स स्विच चिपच्या शेजारीच पॅकेज केलेल्या स्विचमध्येही लेझर बाहेरच्या, काढता-घालता येणाऱ्या मोड्युलमध्येच ठेवले आहेत.

पहिल्या वाटेतली अडचण अचूकतेची. लेझरच्या तोंडाशी प्रकाशाचा ठिपका जेमतेम ३ मायक्रॉनचा असतो. समोरच्या वेव्हगाइडपासून तो अर्धा मायक्रॉन बाजूला गेला तर सुमारे अर्धा डेसिबल जातो, एक मायक्रॉन सरकला तर जवळपास दोन डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश. लेझर बसवायचं सोल्डर बहुधा ८० टक्के सोनं आणि २० टक्के कथील यांचं असतं, ते २८० अंशांना वितळतं. वितळलेल्या क्षणी चिप त्यावर तरंगते आणि थोडी सरकते. थंड होताना इंडियम फॉस्फाइड सिलिकॉनपेक्षा जास्त आकसतं, तो ताण लेझरच्या स्फटिकात राहून जातो. असा लेझर कारखान्यातल्या तपासणीत पास होतो आणि काही महिन्यांनी मंद पडतो. म्हणून प्रत्येक लेझर आधी चढ्या तापमानाला, चढ्या करंटवर कित्येक तास जाळून पाहतात, त्याला बर्न-इन म्हणतात. जो मरायचा तो तिथेच मरावा.

सोन्याचा आणखी एक जाच आहे. सोनं सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतं आणि ट्रान्झिस्टर बिघडवतं, म्हणून चिपच्या कारखान्यात ते आत येऊच देत नाहीत. लेझरला वीज पुरवणारे संपर्क तर सोन्याचेच असतात. त्यामुळे लेझर बसवायचं काम दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कंपनीत, बरेचदा दुसऱ्या देशात होतं. लिथियम निओबेट या स्फटिकाबद्दलही हीच भीती असते. मोड्युलेटरसाठी ते उत्तम आहे, पण लिथियम कारखान्यात पसरेल म्हणून त्याला वेगळी लाइन लागते.

तंतू जोडताना

चिपवरच्या वेव्हगाइडचा छेद साधारण ०.१ चौरस मायक्रॉन. तंतूच्या गाभ्याचा व्यास ८ ते ९ मायक्रॉन, म्हणजे छेद त्याच्या पाचशेपट. यातला प्रकाश त्यात उतरवायचा.

त्यासाठी दोन तऱ्हा आहेत. एकीत चिपच्या पृष्ठभागावर बारीक खाचांची जाळी कोरतात, ती प्रकाश वर, थोडा तिरका फेकते. तंतू वरून बसवता येतो आणि वेफर कापण्याआधीच तपासणी करता येते, ही तिची मोठी सोय. पण अशा जाळीत बहुधा दोन-तीन डेसिबल जातात आणि ती तीस-चाळीस नॅनोमीटरच्या पट्ट्यातच नीट चालते. दुसरीत वेव्हगाइड चिपच्या कडेकडे निमुळता करत नेतात. टोक इतकं बारीक होतं की प्रकाश त्यात मावत नाही, आजूबाजूच्या काचेत फुगतो आणि तंतूच्या आकाराच्या जवळ येतो. नुकसान कमी, सगळे रंग चालतात, पण चिपची कड आरशासारखी हवी आणि कापून झाल्याशिवाय तपासता येत नाही.

कडेला तंतू जोडायचं काम प्रत्यक्षात असं चालतं. आठ, बारा किंवा जास्त तंतू काचेच्या ठोकळ्यातल्या व्ही आकाराच्या खाचांत बसवलेले असतात, दोन तंतूंमध्ये १२७ किंवा २५० मायक्रॉन. ठोकळ्याचं तोंड घासून गुळगुळीत केलेलं. सहा दिशांनी हलणाऱ्या मंचावर तो चिपच्या कडेसमोर आणतात. पहिल्या तंतूत प्रकाश सोडतात आणि चिपमधून वळून शेवटच्या तंतूने बाहेर येणारा प्रकाश मोजत यंत्र गोल-गोल फिरत शोध घेतं. पहिला प्रकाश सापडला की वर-खाली, डावी-उजवीकडे, मग दोन टोकं एकसारखी येईपर्यंत तिरपेपणा, असं करत शिखर गाठतं. मग काही मायक्रॉनच्या फटीत पारदर्शक इपॉक्सी गोंदाचा थेंब, आणि अतिनील प्रकाशाचा मारा.

गडबड होते ती इथे. गोंद पक्का होताना आकसतो. एका बाजूला थेंब जास्त पसरला असेल तर ठोकळा तिकडे ओढला जातो आणि पडद्यावरचा प्रकाशाचा आकडा डोळ्यादेखत खाली येतो. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ ठोकळा मुद्दाम थोडा विरुद्ध दिशेला ठेवून मगच गोंद पक्का करतात. किती ठेवायचा हे गोंदाच्या त्या-त्या खेपेवरही अवलंबून असतं. गोंद कमी पडला तर बुडबुडा राहतो, जास्त झाला तर पुढे कधीतरी उष्णतेने फुगून सांधा हलतो. त्यानंतर भट्टीत भाजून गोंद पूर्ण पक्का करतात आणि पुन्हा मोजतात. भट्टीतून बाहेर आल्यावर अर्धा डेसिबल हरवला असेल तर तो परत आणायचा मार्ग नसतो.

तापमान हा पुढचा शत्रू. सिलिकॉन दर अंशाला दहा लाखात २.६ भाग प्रसरण पावतं, तांबं १७ भाग. चिप तांब्याच्या तळावर असेल आणि तापमान ६० अंशांनी बदललं, तर ५ मिलिमीटर अंतरात दोन्हींच्या लांबीत चार मायक्रॉनहून जास्त फरक येतो. अर्ध्या मायक्रॉनवर जिवाचा आटापिटा केलेल्या जोडणीला तो पुरून उरतो. त्यामुळे तळासाठी सिलिकॉनशी जुळणारी काच, सिरॅमिक किंवा टंगस्टन-तांब्याचे मिश्रधातू शोधावे लागतात, आणि ते महाग पडतात.

शोध न घेता तंतू आपोआप बसावा म्हणून सिलिकॉनमध्येच व्ही आकाराच्या खाचा कोरायची पद्धत आता वाढते आहे. सिलिकॉन काही रसायनांत ठरावीक स्फटिकी पातळीवरच, ५४.७ अंशांच्या कोनात, झिजतं, त्यामुळे खाच कमालीची अचूक येते. मग अडचण तंतूची. चांगल्या तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन, कमी-जास्त ०.७, आणि गाभा मध्यापासून अर्ध्या मायक्रॉनपर्यंत सरकलेला चालतो. म्हणजे खाच बिनचूक असूनही सगळी सूट तंतूच खाऊन टाकू शकतो.

आणि हे सगळं झाल्यावर ती चिप सर्किट बोर्डावर बसवायची तर सोल्डरची भट्टी २४५ ते २६० अंशांची. तंतूवरचं नेहमीचं प्लास्टिक आवरण सुमारे ८५ अंशांसाठी बनवलेलं असतं. म्हणून तंतू नंतर लावता-काढता येईल असे कनेक्टर करण्यावर सध्या इतकी मेहनत चालली आहे.

तपासणी आणि गुणाकार

इलेक्ट्रॉनिक चिपवर सुया टेकवल्या की मिलिसेकंदांत उत्तर मिळतं. प्रकाशाच्या चिपवर तंतू आणून, शिखर शोधून, तरंगलांबी फिरवत मोजायला एका जागेला सेकंद लागतात, आणि चिपवर अशा डझनावारी जागा असतात. वेळ वाचवायला थोड्याच चिप तपासल्या तर वाईट चिपवर चांगला लेझर आणि चांगले तंतू बसतात आणि सगळंच कचऱ्यात जातं.

गुणाकार किती निर्दय असतो ते पाहा. एक चॅनेल ९८ टक्के वेळा चांगला निघतो असं धरू. आठ चॅनेलची चिप ८५ टक्के वेळा पूर्ण चांगली निघेल. ३२ चॅनेलची जेमतेम ५२ टक्के. आता जोडणीच्या पायऱ्या धरू. चिप ९० टक्के, लेझर बसवणं ९५, तंतू ९५, शेवटची तपासणी ९७. हातात येतात सुमारे ७९ टक्के, आणि शेवटच्या पायरीवर फेकलेल्या प्रत्येक नगात आधीचा सगळा खर्च गेलेला असतो. काम करणाऱ्याने चिपचा कारखाना सुधारायच्या आधी शेवटच्या दोन पायऱ्या सुधाराव्यात, कारण तिथला एक टक्का सगळ्यांत महाग असतो.

कच्चा माल कुठून येतो

इंडियम जस्ताच्या शुद्धीकरणात जोडउत्पादन म्हणून मिळतं. त्याचा मोठा वाटा स्क्रीनवरच्या पारदर्शक विद्युतवाहक थरात जातो, लेझरला लागतं ते त्यामानाने किरकोळ. तेव्हा धातू संपेल ही भीती नाही. अडतं ते स्फटिकापाशी. इंडियम फॉस्फाइड १०६२ अंशांना वितळतं, आणि त्या तापमानाला फॉस्फरस उडून जाऊ नये म्हणून भट्टीत वातावरणाच्या सुमारे २७ पट दाब राखावा लागतो. स्फटिक अगदी सावकाश वाढवावा लागतो. मध्येच अणूंची मांडणी उलटली तर जुळा स्फटिक तयार होतो आणि तिथून पुढचा भाग टाकून द्यावा लागतो. वेफर ठिसूळ असतात. म्हणून सिलिकॉन ३०० मिलिमीटरवर पोहोचून वर्षं झाली, तरी इंडियम फॉस्फाइडचं बरंचसं काम अजून २, ३ आणि ४ इंची वेफरवर चालतं. ६ इंची आता कुठे उत्पादनात येऊ लागले आहेत.

हे वेफर बनवणाऱ्यांत जपानच्या सुमितोमो इलेक्ट्रिक आणि जेएक्स, आणि अमेरिकेची पण उत्पादन चीनमध्ये असलेली एएक्सटी, ही ठळक नावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने इंडियम फॉस्फाइड आणि ट्रायमिथाइल इंडियम यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. हे दुसरं नाव फारसं कानावर येत नाही, पण लेझरचे थर वायूतून साचवताना इंडियम येतं ते याच रसायनातून. वेफर साठवून ठेवले आणि हे रसायन संपलं तरी लाइन बंद. त्याआधी ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमवर असाच परवाना लागला होता. चिपवरच्या डिटेक्टरला लागणारं जर्मेनियम अगदी थोडं असतं, पण ते वायूच्या रूपात, अतिशुद्ध हवं असतं.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे आयसोलेटर. लेझरमधून निघालेला प्रकाश कुठूनतरी परावर्तित होऊन परत आत गेला की लेझर अस्थिर होतो. प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा हा छोटा झडपेसारखा भाग गार्नेट स्फटिकातून बनतो, आणि तो स्फटिक वाढवायला गॅडोलिनियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं लागतात. सिलिकॉनवर तो अजून सहजी कोरता येत नाही. बनवणारे थोडे, वाढवायला वेळ लागतो, आणि एका ट्रान्सीव्हरमधला तांदळाच्या दाण्याएवढा हा तुकडा नसेल तर बाकीची डबी कपाटात पडून राहते. खरेदी विभागाच्या यादीत तो तळाशी असतो, असं होऊ नये.

कारखान्याच्या दृष्टीने तुम्ही किती मोठे

३०० मिलिमीटर वेफरवर ५ बाय ५ मिलिमीटरच्या सुमारे २,६०० चिप बसतात. दहा लाख चिपसाठी चारशेच्या आसपास वेफर पुरतात. महिन्याला ३०,००० वेफर काढणाऱ्या कारखान्याचं हे अर्ध्या दिवसाचंही काम नाही. आता त्याच दहा लाख चिपना तंतू जोडायचे आहेत आणि एका जोडणीला तीन मिनिटं लागतात असं धरा. ५०,००० तास होतात. रोज वीस तास चालणारी सात यंत्रं वर्षभर तेच करत बसतील, आणि त्यात लेझर बसवणं, भाजणं, तपासणं धरलेलंच नाही. एकीकडे कारखान्याला ग्राहक लहान वाटतो, दुसरीकडे जोडणी करणाऱ्याला तोच डोंगर वाटतो.

लहान ग्राहकासाठी कारखाना आपली प्रक्रिया बदलत नाही. आणि प्रत्येक कारखान्याची प्रक्रिया निराळी. कुठे सिलिकॉन २२० नॅनोमीटरचा, कुठे ३०० च्या आसपास, कुठे तीन मायक्रॉनचा. कुठे नायट्राइड आहे, कुठे नाही. ग्लोबलफाउंड्रीज, टॉवर, टीएसएमसी यांपैकी एकाकडचं डिझाइन दुसऱ्याकडे नेणं म्हणजे नुसती फाइल पाठवणं नव्हे. कड्या, जाळ्या, निमुळती टोकं, सगळं नव्याने आखायचं. एका मास्कवर, म्हणजे नक्षी छापायच्या साच्यावर, अनेकांची डिझाइन एकत्र छापून खर्च वाटून घेण्याची सोय आहे, पण डिझाइन दिल्यापासून चिप हातात यायला सहा महिने किंवा त्याहून जास्त जातात. चूक सापडली की पुन्हा तेवढेच.

त्यामुळे दुसरा पुरवठादार ही गोष्ट इथे कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात महाग असते. ती करायचीच असेल तर चिपपेक्षा लेझरपासून सुरुवात करावी. दोन पुरवठादारांच्या लेझरसाठी एकच खड्डा आणि एकच उंची चालेल असं आधीच आखावं. नंतर बदलायला गेलं तर नव्या लेझरसह सगळ्या चाचण्या पुन्हा होतात. उणे ४० ते ८५ अंशांच्या शेकडो फेऱ्या, ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेतला मुक्काम, आणि २,००० ते ५,००० तास चढ्या तापमानात चालवून पाहणं. ५,००० तास म्हणजे सात महिने. तेवढा काळ नमुने भट्टीत असतात आणि ऑर्डर थांबलेली असते.